नोटीस कुणी काढली?

तीनशे थकबाकीदारांच्या तीनशे नोटिसा माणसाने एकेक करून टाइप करण्यात काही अर्थ नाही, असं उत्साहीचं ठाम मत आहे. साशंकांना ते इतकं सोपं वाटत नाही. दोघंही सहकारी पतसंस्थांच्या कामात मुरलेले. ती संगणकाची बाजू सांभाळते, ते वसुलीची. वर्डमधली कागदपत्रं शेअरपॉइंटसारख्या सामायिक ऑनलाइन लायब्ररीत ठेवायची, इथवर दोघांचं जुळतं. ती तिथे आपोआप तयार होऊ द्यायची का, इथे वाद सुरू होतो.

"साहेब, आपली नोटीस डोळ्यांसमोर आणा," ती म्हणते. "मायना ठरलेला, कायद्याचा मजकूर ठरलेला. बदलतं काय? कर्जदाराचं नाव, पत्ता, खाते क्रमांक, थकीत रक्कम आकड्यांत आणि अक्षरी, भरण्याची मुदत आणि जामीनदारांची नावं. दहा-बारा जागा. तरी आपण काय करतो? मागच्या महिन्याची फाइल उघडायची, नव्या नावाने सेव्ह करायची, जुनी नावं खोडून नवी घालायची. मग कुठेतरी कर्जदार नवा येतो आणि जामीनदार मागच्याच नोटिशीतला राहून जातो. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं. ज्याने कधी सही केली नाही अशा माणसाच्या दारात आपण तेवढी जबाबदारी पाठवतो. लायब्ररीत एक यादी ठेवू, एक नमुना ठेवू. यादीत ओळ भरली की पॉवर ऑटोमेटचा फ्लो नमुना उघडेल, कंटेंट कंट्रोल म्हणतात त्या चौकटींत मजकूर भरेल, फाइल लायब्ररीत ठेवेल, तिची पीडीएफ काढेल. जामीनदार दोन असोत की चार, तेवढ्या ओळी तो स्वतः वाढवेल."

साशंकांची पहिली हरकत जुन्या अनुभवातून येते. "आपोआप होणारी कामं आम्ही पाहिली आहेत. वर्ड ९७ मध्ये व्हीबीए ही मॅक्रो लिहायची भाषा आली, पण मॅक्रो त्याआधीपासून आहेत. मेल मर्ज तर त्याच्याही आधीचं. शाखेतल्या एका हुशार पोराने मॅक्रो लिहिला होता, तो कितीतरी वर्षं चालला. फाइली लायब्ररीत गेल्या आणि तो बंद पडला. का? कारण त्या मॅक्रोच्या लेखी फाइल म्हणजे एका मशीनच्या सी ड्राइव्हवरची फाइल. आता त्याने फाइलला तिचा मार्ग विचारला, की ती एचटीटीपीएसने सुरू होणारा वेबपत्ता सांगते. फोल्डरमध्ये काय आहे हे पाहणाऱ्या जुन्या आज्ञांना असा पत्ता कळतच नाही. कुणी वनड्राइव्हने लायब्ररी आपल्या मशीनवर उतरवून घेतली, तर प्रत्येकाच्या मशीनवर तिचा मार्ग निराळा. आणखी एक ऐक. आमचा जावक क्रमांक मॅक्रो टाकायचा. फाइल सेव्ह होण्याच्या आधी तो चालायचा आणि पुढचा आकडा घ्यायचा. लायब्ररीतल्या फाइलीत ऑटोसेव्ह चालू असतं. तिथे सेव्ह होणं हे माणसाने बटण दाबण्यावर राहिलंच नाही, ते सारखं होत राहतं. एका नोटिशीने किती जावक क्रमांक खाल्ले, ते मोजत बसावं लागलं."

जावक क्रमांकाचं उदाहरण महत्त्वाचं आहे. माणसाने 'सेव्ह' दाबणं म्हणजे 'माझं लिहून झालं' असं सांगणं होतं. दोन-तीन दशकांची कार्यालयीन शिस्त त्या एका कृतीवर उभी होती. ऑटोसेव्हने काम हरवण्याची भीती घालवली, पण लिहून झाल्याची ही खूणही तिच्याबरोबर गेली.

उत्साही हे नाकारत नाही. तिच्या मते हा मुद्दा मॅक्रोच्या विरोधात जातो, स्वयंचलनाच्या नाही. "मॅक्रो फाइलच्या पोटात राहतो, हाच त्याचा दोष. १९९५ मध्ये कन्सेप्ट नावाचा विषाणू वर्डच्या मॅक्रोतून पसरला. मार्च १९९९ मध्ये मेलिसा आला. फाइल उघडली की तो आउटलुकमधल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला पाठवायचा. २०२२ पासून तर इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो वर्ड मुळातच अडवतं, आणि ब्राउझरमधल्या वर्डमध्ये मॅक्रो चालतच नाहीत. ते दार बंद होतंय, होऊ द्या. फ्लो फाइलच्या बाहेर, लायब्ररीच्या बाजूला राहतो. फाइल कुणी कोणत्या मशीनवर उघडली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि २००७ पासूनची डॉकएक्स फाइल म्हणजे खरं तर झिप केलेली पुडी आहे, आत एक्सएमएल. वर्ड न उघडताही तिच्यात मजकूर भरता येतो."

"भरता येतो, पण कसा? तेही सांग," साशंक अडवतात. "महिरपी कंसात 'कर्जदाराचे नाव' लिहून ठेवलं आणि प्रोग्रामला ते शोधून बदलायला सांगितलं, तर पडद्यावर अखंड दिसणारे ते शब्द आतल्या एक्सएमएलमध्ये तीन तुकड्यांत पडलेले असतात. कुणी मध्येच एक वेलांटी दुरुस्त केली असेल, एवढं पुरतं. प्रोग्रामला ते शब्द सापडत नाहीत, आणि नोटीस महिरपी कंसांसकट बाहेर पडते."

"म्हणूनच कंटेंट कंट्रोल, साहेब. चौकटीला नाव असतं. आतल्या मजकुराचे किती तुकडे झाले याने फरक पडत नाही. त्या कामाला वेगळा परवाना लागतो, पैसे पडतात, हे खरं. पण चौकट हलत नाही."

इथपर्यंत प्रश्न साधनांचा होता. साशंक तो भाषेकडे नेतात, आणि मराठी कार्यालयांत हीच बाजू सर्वांत कमी बोलली जाते.

"ही साधनं ज्यांनी बनवली त्यांच्या डोळ्यांपुढे आपली नोटीस नव्हती. व्हीबीएच्या खिडकीत देवनागरी टाइप कर, प्रश्नचिन्हं उमटतात. 'मराठी' एवढा शब्द मॅक्रोतून लिहायचा तर २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८ असे पाच आकडे द्यावे लागतात. मॅक्रोने मथळा ठळक करायला सांगितला, तर इंग्रजी अक्षरं ठळक होतात आणि मराठी तशीच राहतात, कारण वर्ड देवनागरीचा ठळकपणा वेगळ्या खात्यात ठेवतं. मग अक्षरी रक्कम. इंग्रजीत वीसपर्यंतचे शब्द आणि दहाचे पाढे माहीत असले की शंभरपर्यंत मजल जाते. आपल्याकडे सत्तेचाळीस निराळा, एकोणऐंशी निराळा. ४७,३७९ रुपये अक्षरी लिहायचे, तर शंभर नावांचा तक्ता कुणीतरी बसून भरावा लागतो, आणि त्यात 'एकोणऐंशी'च्या जागी 'एकोणसत्तर' पडला तर रक्कम आकड्यांत एक, अक्षरांत दुसरी. जुने पत्ते तर बघायलाच नकोत. ते युनिकोडमध्ये नाहीतच. त्या काळच्या फाँटमध्ये जे मराठी दिसायचं, ते आतून इंग्रजी अक्षरांचं कडबोळं होतं. तुझ्या यादीत ते चिकटवलं की कडबोळंच दिसणार."

उत्साहीचं उत्तर इथे सबुरीचं आहे. "हे सगळं खरं. पण तक्ता एकदाच भरायचा असतो, पत्ते एकदाच युनिकोडमध्ये आणायचे असतात. मॅक्रोच्या खिडकीची अडचण फ्लोमध्ये नाही; तिथे देवनागरी सरळ लिहिता येते. आणि तुमच्या यादीत मी एक भर घालते, म्हणजे मी काही लपवत नाही हे तुम्हाला पटेल. तारखा. एक्सेलमधून मेल मर्ज केलं, की ५ एप्रिलची मुदत अमेरिकी पद्धतीने आधी महिना, मग दिवस अशी उमटते. आपला कर्जदार तीच तारीख ४ मे अशी वाचतो, आणि आपण त्याला फुकट एक महिना देऊन बसतो. फ्लोचं घड्याळ तर जागतिक वेळेवर चालतं. भारत त्याच्या साडेपाच तास पुढे. १ एप्रिलच्या रात्री एक वाजता फ्लोने 'आजची तारीख' छापली, तर तिथे अजून ३१ मार्चचे साडेसात वाजलेले असतात. नोटीस मागच्या आर्थिक वर्षात जाते. वेळक्षेत्र बदलून घेण्याची एक पायरी घातली की हे थांबतं. पण ती पायरी घालायला हवी हे माहीत असावं लागतं. हाताने केलेली चूक दर वेळी नवी असते, साहेब. यंत्राची चूक एकदा शोधली की गेली."

"एकदा शोधली की," साशंक तिचेच शब्द उचलतात. "शोधेपर्यंत ती तीनशे घरी पोहोचलेली असते. कारकुनाच्या हातून एक नोटीस चुकते, तेव्हा शेजारची बरोबर असते. दोन्ही एकत्र पाहणाऱ्याला खटकतं. सगळ्याच सारख्या चुकल्या तर खटकायला उरतं काय? मी यंत्राला दोष देत नाही. मी एवढंच म्हणतो, की तपासण्याची पद्धत बदलावी लागेल, आणि तुझ्या मांडणीत नमुना आहे, यादी आहे, फ्लो आहे. तपासणारा माणूस कुठे बसतो ते नाही."

ती पहिल्यांदा थोडी मागे येते. लायब्ररीत आवृत्त्यांचा इतिहास राहतो, साधारण ५०० प्रमुख आवृत्त्या; कोणी काय बदललं ते दिसतं; चुकीची नोटीस मागे घेता येते. हे तिचं उत्तर. पण आवृत्ती मागे घेता येते ती लायब्ररीतली. पोस्टाने गेलेली नोटीस मागे येत नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

मग ती स्वतःच सामायिक जागेच्या अडचणी मांडते. यंत्रणा उभी करणाऱ्यालाच हे बारकावे माहीत असतात, म्हणून तिचं ऐकण्यासारखं आहे. "एखादी नोटीस वसुली अधिकाऱ्याने उघडून ठेवलेली असते आणि त्याच वेळी फ्लोला ती बदलायची असते. फाइल कुलूपबंद आहे, असं ४२३ क्रमांकाच्या त्रुटीतून कळतं, आणि फ्लो थांबतो. पुन्हा पुन्हा प्रयत्न करायला शिकवता येतं. दुसरं, फाइल बदलली की फ्लो सुरू व्हावा असं ठरवलं आणि त्याच फ्लोने त्या फाइलीचा एखादा रकाना बदलला, तर तो बदल फ्लोला पुन्हा जागं करतो, आणि हे चक्र फिरत राहतं. तेही अट घालून तोडता येतं. जावक क्रमांकाचं मात्र मला अजून पूर्ण समाधान नाही. दोन शाखांनी एकाच क्षणी नोटीस काढली, तर फ्लोच्या दोन फेऱ्या शेजारी शेजारी चालतात आणि दोघी तोच आकडा उचलू शकतात. फ्लोला एका वेळी एकच फेरी चालव असं सांगता येतं. मग गर्दीच्या दिवशी रांग लागते. किंवा यादी प्रत्येक ओळीला स्वतःहून जो क्रमांक देते तोच जावक म्हणून वापरायचा. तो कधीच दोनदा येत नाही. पण ओळ खोडली की तो आकडा कायमचा जातो, आणि जावक नोंदवहीत खंड पडतो."

"खंड पडला की लेखापरीक्षक विचारणार, मधली नोटीस कुठे गेली," साशंक म्हणतात. "ओळ खोडायची नाही, 'रद्द' असा शेरा मारायचा. आमच्या वहीत आम्ही हेच करायचो. ही शिस्त तुझ्या यंत्रणेच्या आधीपासूनची आहे, ती तिच्यात घाल."

ही सूचना ती लगेच स्वीकारते. या संपूर्ण संवादात एवढं निखळ एकमत एकदाच होतं, आणि ते वहीच्या बाबतीत होतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. जावक नोंदवही ही काही मागासलेल्या काळाची वस्तू नव्हे; एकाच क्रमांकावर दोन माणसांनी हात ठेवू नये, हा प्रश्न तिने संगणकाच्या कितीतरी आधी सोडवला होता.

आता साशंक मूळ हरकतीकडे येतात. "आपण वसुलीचा दाखला मागायला निबंधकांकडे जातो, १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली. अर्जाला आधीच्या नोटिसांच्या प्रती जोडतो. समजा, कर्जदाराने हरकत घेतली: ही नोटीस मला कधी काढलीच नव्हती, मागाहून तयार केली. मी लायब्ररी उघडतो. 'तयार करणारा' या रकान्यात कुणाचं नाव आहे? तुझं. कारण फ्लो तुझ्या खात्याच्या जोडणीवर चालतो. तीनशेच्या तीनशे नोटिसांवर तुझं नाव, त्याही रात्री एक वाजताच्या, जेव्हा तू घरी झोपली होतीस. फ्लो त्या रात्री कसा चालला, कुठून काय उचललं, याची नोंद दाखव म्हटलं तर ती २८ दिवसच राहते. वसुलीचं प्रकरण २८ दिवसांत संपलेलं मी माझ्या नोकरीत पाहिलेलं नाही. आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात द्यायची तर प्रमाणपत्र लागतं. त्यावर ते उपकरण किंवा ते काम ज्याच्या ताब्यात आहे त्याने सही करायची, शिवाय एका तज्ज्ञाने. सांग, ही नोटीस ज्याच्या ताब्यात होती असा माणूस कोण? तू? शाखाधिकारी? का ज्याने यादीत ओळ भरली तो?"

"माझ्या नावाचा प्रश्न सुटेल," ती म्हणते. "संस्थेच्या नावाचं स्वतंत्र खातं काढायचं आणि फ्लो त्यावर चालवायचा. ते आवश्यकच आहे. उद्या मी नोकरी सोडली आणि माझं खातं बंद झालं, तर जोडणी तुटते आणि फ्लो अडतो. कित्येक कार्यालयांत असे बेवारस फ्लो पडून आहेत, आणि ते का थांबले हे कुणाला माहीत नाही. नोंदींचंही करता येईल: प्रत्येक फेरीची माहिती वेगळ्या यादीत लिहून ठेवायची, हवी तितकी वर्षं."

"म्हणजे आता रकान्यात तुझंही नाव नाही. संस्थेचं खातं. ते कुणाचंच नाही."

ती मंजुरीचा टप्पा सुचवते: नोटीस तयार झाली की शाखाधिकाऱ्याकडे जाईल, त्याने मंजूर केल्यावरच पीडीएफ निघेल, आणि मंजूर करणाऱ्याचं नाव, वेळ कायम नोंदलेली राहील. साशंक विचारतात, तीनशे मंजुऱ्या कुणी वाचून देईल का? शाखाधिकारी कर्जवाटपाच्या गडबडीत असताना मोबाइलवर 'मंजूर' दाबत सुटेल. रबरी शिक्का मारायचा तसंच. तेव्हा निदान शिक्का मारायला कागद हातात तरी घ्यावा लागायचा.

या टप्प्यावर उत्साही आपली मांडणी बदलते, आणि माझ्या मते ती इथे सर्वांत पुढे जाते. "मग सगळ्या नोटिसा माणसापुढे नेऊच नका. खतावणीतली बाकी आणि यादीतली रक्कम जुळते, जामीनदारांची नावं कर्जरोख्याशी जुळतात, पत्ता आहे, अशा नोटिसा सरळ जाऊ द्या. माणसापुढे फक्त त्या आणा ज्यांत काही अडतंय: कर्जदार मयत आहे, तडजोड ठरली आहे, न्यायालयाची स्थगिती आहे. तीनशेपैकी वीस आल्या तर तो नक्की वाचेल. लोकांची नावं, पत्ते, बाक्या अशी खासगी माहिती तीनशे वेळा इकडून तिकडे फिरणंही कमी होईल. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यानंतर लायब्ररीत कोण काय उघडू शकतं हेही आपल्याला बघावं लागणारच आहे."

साशंक यावर बराच विचार करून बोलतात. "अडतंय हे फ्लोला कसं कळणार? मयत, स्थगिती, या गोष्टी कागदावर येतात, पण उशिरा. आणि बाकीच्या येतच नाहीत. माणूस काल शाखेत येऊन गेला, द्राक्षाचे पैसे सोमवारी जमा होतील, त्या दिवशी भरतो म्हणाला. वसुलीच्या माणसाने मान डोलावली. ही गोष्ट तुझ्या कुठल्या रकान्यात आहे? आज ती नोटीस थांबते, कारण नोटीस लिहिणारा आणि मान डोलावणारा एकच आहे."

"रकाना करू. 'चर्चा सुरू आहे' असा. वसुलीच्या माणसाने शाखेतून मोबाइलवर भरायचा."

"आणि तो भरला नाही तर? रिकाम्या रकान्याचा अर्थ काय? चर्चा नाही, नोटीस जाऊ दे, असा? का कुणी पाहिलंच नाही, म्हणून थांब, असा?"

रिकामा असेल तर थांबावं, असं उत्साही म्हणते. ज्या नोटिशीबद्दल कुणाला काही माहीत नाही ती यंत्राने स्वतःच्या जोरावर पाठवू नये. इथे साशंकांची अडचण होते. वसुलीचं काम आयुष्यभर केलेल्या माणसाला माहीत आहे की रकाने न भरणाऱ्या शाखा पुष्कळ असतात, आणि थांबलेली नोटीस म्हणजे वाढत गेलेली थकबाकी, शेवटी ठेवीदारांचा पैसा. त्यांचा कल, नकळत, नोटीस जाऊ द्यावी याकडे झुकतो. म्हणजे या संवादात यंत्राला मोकळीक देणारे आता तेच, आणि यंत्राला आवरणारी ती.

रिकाम्या रकान्याचा अर्थ आधी लेखी ठरवून घ्यावा, एवढ्यावर दोघं येतात. तो कुणी ठरवायचा, यावर मात्र येत नाहीत. तिच्या मते शाखाधिकाऱ्याने, कारण माणसं त्याला माहीत आहेत. त्यांच्या मते संचालक मंडळाच्या ठरावाने, कारण शाखाधिकाऱ्यावर कर्जदार दबाव आणतात आणि ठराव इतिवृत्तात राहतो. ठराव केला तर प्रत्येक शाखेला तोच नियम लागू होईल, आणि द्राक्षाच्या पैशांसाठी सोमवारपर्यंत थांबण्याची जागा त्यात उरणार नाही, हे तिचं म्हणणं. शाखाधिकाऱ्यावर सोडलं, तर नोटीस कुणाची थांबली आणि कुणाची गेली याचं कारण पुन्हा एकदा कुठेच लिहिलेलं नसेल, हे त्यांचं.